‘आईला सांगू नका हं’ म्हणाली आणि मी हो म्हणून बसले

पत्र असं आलंय (थोडं कापलंय):

“ताई, मी एमएसडब्ल्यू (समाजकार्याची मास्टर्स) दुसऱ्या वर्षाला आहे. फील्डवर्कला मुलांच्या आणि तरुणांच्या मानसिक आरोग्याच्या ओपीडीत टाकलंय, पाच आठवडे झाले. मला वाटलं होतं काउन्सेलिंग करायला मिळेल, पण मी नुसते फॉर्म भरून घेते आणि जे आले नाहीत त्यांना फोन करते. बसायला जागा पण नाही, औषधांच्या खिडकीशेजारी एक स्टूल आहे त्यावर बसते. सुपरव्हायझर सर चांगले आहेत पण कायम घाईत. गेल्या आठवड्यात एक १५ वर्षांची मुलगी नंबर यायची वाट बघत माझ्याशी बोलत होती, मध्येच बाही वर करून तिने स्वतःच करून घेतलेल्या जखमांचे व्रण दाखवले आणि म्हणाली आईला सांगू नका हं, कुणालाच नका. मी हो म्हणाले. आता ती म्हणते मी फक्त तुमच्याशीच बोलणार, डॉक्टरांशी नाही. मला छान पण वाटतंय आणि रात्री झोप पण लागत नाहीये. ता.क. आमच्या कार्डावर ट्रेनी असं मोठ्ठं छापलंय, मी ते उलटं करून घालते, चालतं ना? — स्टूलवाली”

अगं स्टूलवाली, फॉर्म, फोन, स्टूल, सगळ्यावर बोलते, मला भरपूर बोलायचंय, पण आधी ते व्रण. इथपर्यंत वाचलंस ना, आता इथेच थांब आणि सरांना फोन लाव. घाईत असले तरी लाव. “सर, एका पेशंटबद्दल रिस्कचं बोलायचंय, उद्यावर नको” एवढं पुरतं, या कामातला कितीही घाईतला माणूस रिस्क शब्द ऐकून थांबतो, आणि नाहीच थांबला किंवा फोन लागलाच नाही तर आज ओपीडीत जो कोणी सीनियर असेल त्याला गाठ. बाकीचं नंतर वाच.

झालं? बरं.

आता तुला वाटत असणार की मी तिचा विश्वास मोडला, चुगली केली. नाही. तू जो शब्द द्यायलाच नको होता तो दिला होतास, आज तो परत घेतलास इतकंच. आणि लाजू नकोस, या कामातल्या जवळजवळ प्रत्येकाने हा शब्द एकदा तरी दिलेला असतो, कारण समोरचं पोर बाही वर करून बघत असतं आणि आपल्या तोंडातून आपोआप “हो गं” निघून जातं. तो दयेचा क्षण असतो, वाईट काही नसतं त्यात, पण तो निस्तरायला लागतो. क्लिनिकमधलं गुपित एकट्याच्या पोटात ठेवायचं नसतं, ते टीमच्या पोटात असतं. तुला झोप लागत नाहीये ना, ती याचमुळे, जे चार माणसांनी मिळून उचलायचं ते तू एकटी आठवडाभर घेऊन फिरतेयस.

पुढच्या वेळी चूक होऊ नये म्हणून एक सवय लाव. मुलगा असो मुलगी असो, बोलणं सुरू व्हायच्या आधी, बाही वर जायच्या आधी, सांगून टाकायचं की तू जे बोलशील ते मी आणि इथली टीम याच्या बाहेर जात नाही, पण तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कुणाच्या जिवाला असेल, किंवा कुणी तुला त्रास देत असेल, मारत असेल, नको तिथे हात लावत असेल, तर मला पुढे सांगावं लागेल, आणि सांगायच्या आधी मी तुला सांगेन. मुलं यावर चिडत नाहीत गं. उलट कान टवकारतात, म्हणजे इथे नियम आहेत तर. किती वयाच्या मुलाचं काय कुणाला कळवावंच लागतं हे प्रत्येक ठिकाणच्या कायद्यात वेगळं असतं आणि तुमच्या क्लिनिकचं काहीतरी लेखी धोरण असणार, ते सरांकडून मागून घे आणि नीट वाच, परीक्षेसाठी नाही, परवासाठी.

परवा म्हणजे ती परत येईल तेव्हा. मी काय बोलले असते ते तुला जसंच्या तसं लिहून देते, पण सरांना आधी विचार आणि शक्यतो त्यांच्यापैकी कुणालातरी जवळपास ठेव. “मागच्या वेळी तू कुणाला सांगू नका म्हणालीस आणि मी हो म्हणाले. ते चुकलं माझं. मला तसं प्रॉमिस द्यायची परवानगीच नाहीये, आणि खरं सांगायचं तर मला तुझ्यासाठी भीती वाटली. म्हणून मी सरांना सांगितलंय. आईला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते मात्र आपण मिळून ठरवू.” बस. याच्यापुढे सफाई देत बसू नकोस. ती चिडेल, गप्प बसेल, “तुम्ही पण तसल्याच” म्हणेल. म्हणू दे. चिडून का होईना ती समोर बसलेली आहे हे महत्त्वाचं.

आणि मिळून ठरवू म्हणजे खरंच मिळून, तोंडदेखलं नाही. आईला ती स्वतः सांगणार का डॉक्टर, ती खोलीत असताना का बाहेर, कुठला शब्द वापरायचा, हे सगळं तिला निवडता येतं. आईला सगळी डायरी वाचून दाखवायची नसते, शाळेतला तो मुलगा, मैत्रिणीशी झालेलं भांडण, यातलं आईला काही कळायची गरज नाही, आईला एवढंच कळायला हवं की पोरगी त्रासात आहे आणि घर सुरक्षित कसं ठेवायचं. सांगायचं का नाही हे तिच्या हातात नाही, पण कसं सांगायचं यातलं बरंच तिच्या हातात देता येतं, आणि माझ्या अनुभवात मुलं यावरच टिकतात किंवा निघून जातात.

अजून एक, व्रण दिसले म्हणजे तिला मरायचंच आहे असं नसतं. बरीच मुलं आतला गलका शांत करायला, किंवा बधिर झालेलं काहीतरी जाणवावं म्हणून स्वतःला इजा करतात. पण म्हणून “तेवढ्यापुरतंच आहे” असं आपण आपलं ठरवून मोकळं व्हायचं नाही, कारण जी मुलं असं करतात त्यांच्यात पुढे जिवाचा धोका जास्त असतो हेही तितकंच खरं आहे. तेव्हा सरळ विचारावं लागतं, मरून जावं असं वाटतं का, कधी वाटलं होतं, काही ठरवलं होतंस का. नवीन लोकांना वाटतं विचारलं तर तिच्या डोक्यात भरेल. नाही भरत, यावर अभ्यास झालेत, विचारल्याने विचार वाढत नाहीत, बऱ्याचदा हलकं वाटतं. पण हे प्रश्न तू एकटीने स्टूलवर बसून विचारायचे नाहीत, ज्याला पुढचं उत्तर आलं तर काय करायचं ते माहीत आहे त्याने विचारायचे, तू बाजूला बसायचं आणि शिकायचं.

त्यानंतर बहुतेक सेफ्टी प्लॅन बनवतील. सरांना म्हण मला बसू द्या. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राऊन या दोघांनी बनवलेला तो साधासा कागद आहे, आता जगभर वापरतात. वादळ यायला लागलं की मला आधी काय जाणवतं, मी एकटी काय करू शकते, कुठे जाऊन किंवा कुणात मिसळून मन दुसरीकडे लागतं, कुणाकडे मदत मागता येईल, कुठल्या डॉक्टरला किंवा हेल्पलाइनला फोन, आणि घरातल्या धोक्याच्या वस्तू कोण बाजूला ठेवणार. पूर्वी “मी स्वतःला काही करणार नाही” असं लिहून सही घ्यायचे, त्याचा उपयोग होतो असं काही दिसलं नाही, सहीने फक्त सही घेणाऱ्याला झोप लागायची. प्लॅनमधले शब्द मात्र पोरीचे पाहिजेत. एका मुलाने “वादळाची खूण” म्हणून लिहिलं होतं, मी मेसेज टाइप करून पुसायला लागतो. आपल्याला सुचलं असतं का हे? आपण लिहिलं असतं “अस्वस्थ वाटणे”.

आता तुझी मुख्य तक्रार, फोन आणि फॉर्म. तू ज्याला “नुसतं” म्हणतेस ना, मला वाटतं तेच आपलं काम आहे आणि काउन्सेलिंग ही त्यातली एक खोली आहे.

हिशोब कर. आठवड्यात १६८ तास असतात. ओपीडीतलं पोर आठवड्याला एकदा ४५ मिनिटं आत बसतं, तेही नशीब चांगलं असेल तर, नाहीतर महिन्यातून एकदा. उरलेले १६७ तास आणि १५ मिनिटं ते घरात, वर्गात, मोबाईलवर, अंथरुणात असतं. वॉर्डात दाखल असलेला पेशंट आपल्या नजरेसमोर असतो, जेवला का, झोपला का, गोळी घेतली का, कुणीतरी बघत असतं. ओपीडीत तसलं काही नाही, दार उघडून पोर बाहेर गेलं की गेलं. त्या १६७ तासांमध्ये डॉक्टर पोचत नाही, सायकॉलॉजिस्ट फारसा पोचत नाही. तिथे सोशल वर्करच पोचतो, आणि तो फोनने, शाळेशी बोलून, घरी जाऊन, मावशीला पटवून पोचतो. जो आला नाही त्याला फोन करणं म्हणजे कारकुनी नाही, त्या आठवड्यात त्या मुलापर्यंत गेलेली ती एकच तार असते.

आणि हे मी भावनेच्या भरात नाही म्हणत. २०१८ साली वरच्याच स्टॅन्ली बाईंच्या टीमचा एक अभ्यास छापून आला, अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमधला, म्हणजे मोठ्या माणसांवरचा, मुलांवरचा नाही, हे लक्षात ठेव. आत्महत्येच्या विचारांमुळे इमर्जन्सीत आलेल्यांना सेफ्टी प्लॅन करून दिला आणि घरी गेल्यावर फोन करत राहिले, पहिला फोन ७२ तासांच्या आत. पुढच्या सहा महिन्यांत नेहमीची ट्रीटमेंट मिळालेल्यांपेक्षा या लोकांमध्ये आत्महत्येशी संबंधित वागणं ४५ टक्के कमी दिसलं, आणि बाहेरच्या उपचारांना ते पोचायची शक्यता दुपटीहून जास्त होती. प्लॅनचा वाटा किती आणि फोनचा किती हे त्यातून वेगळं काढता येत नाही, पण “नुसता फोन” म्हणायच्या आधी जरा थांबशील ना.

फोन कसा करायचा ते मी वाईट पद्धतीने शिकले. माझ्या फील्डवर्कच्या वेळी, कुठल्या क्लिनिकात ते जाऊदे, एक १७ वर्षांचा मुलगा दोनदा आला नाही म्हणून त्याने दिलेल्या नंबरवर मी फोन केला. काकांनी उचलला. मी मोठ्या उत्साहाने क्लिनिकचं पूर्ण नाव सांगितलं, मानसिक आरोग्य वगैरे सगळं, आणि विचारलं तो फॉलोअपला का आला नाही. पलीकडे शांतता. मग काका म्हणाले, “कसला फॉलोअप?” घरात फक्त आईला माहीत होतं गं. तो मुलगा परत कधीच आला नाही. त्याची फाइल मी कितीतरी दिवस कपाटात पुढे ठेवली होती, येईल म्हणून. तेव्हापासून पहिल्या भेटीत मी तीन गोष्टी विचारून फाइलच्या वरच्या कोपऱ्यात पेन्सिलने लिहिते: हा फोन कोण उचलतं, मी कोण म्हणून बोलू, आणि मेसेज पाठवला तर अजून कोण वाचतं. तूही लिहीत जा. आणि फोन लागला की “का आला नाहीत” हा पहिला प्रश्न नको, तो शाळेतला प्रश्न आहे, “कसं चाललंय, आम्ही वाट बघत होतो” म्हण, मग न येण्याचं कारण आपोआप कळतं. बसचे पैसे नव्हते, गोळीने दिवसभर झोप येत होती, परीक्षा होती, आई म्हणाली आता बरा आहेस की, किंवा मागच्या वेळी डॉक्टर मोबाईलमध्ये बघत होते. यातलं प्रत्येक कारण टीमला कळलं पाहिजे, शेवटचं तर नक्कीच (कसं सांगायचं ते तुझं कसब).

फॉर्मचं म्हणशील तर, तुमच्याकडे बहुतेक एसडीक्यू भरून घेत असतील, मुलांच्या भावना आणि वागणं तपासणारा तो २५ वाक्यांचा फॉर्म, रॉबर्ट गुडमन नावाच्या ब्रिटिश बालमनोविकारतज्ज्ञाने १९९७ मध्ये मांडलेला. ११ ते १७ वयाचं मूल स्वतः भरतं, आईवडील वेगळा भरतात, टीचर वेगळा. तू काय करतेस, बेरीज करून फाइलला लावतेस, हो ना? पुढच्या वेळी आईचा आणि मुलाचा फॉर्म शेजारी शेजारी ठेव आणि बेरीज विसर. आईने “फार चिडतो” वर ठळक टिक केलीय आणि मुलाने चिडण्यावर काहीच नाही पण “खूप काळजी वाटते”, “पटकन घाबरतो” यावर टिक्. म्हणजे एकाच घरातल्या एकाच गोष्टीला आई राग म्हणतेय आणि मुलगा भीती म्हणतोय. पुढच्या तीन सेशनचा मसाला तुझ्या हातात आहे आणि तू स्टेपलर शोधतेयस!

तसंच पीएचक्यू-९, नैराश्य तपासायचा फॉर्म. नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन, जास्तीत जास्त २७. एकूण मार्क कमी आले म्हणून निश्चिंत व्हायचं नाही, नववा प्रश्न वेगळा बघायचा, मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार येतात का, तो. बेरीज ६ आहे पण नवव्याला १ आहे, तर तो फॉर्म ट्रेमध्ये पडून राहता कामा नये, पोर क्लिनिकमधून बाहेर पडायच्या आत हातात घेऊन सरांकडे जायचं. फॉर्म भरून घेणाऱ्याची नजर त्यावर सगळ्यात आधी पडते, म्हणजे तुझी.

स्टूलवरून एक गंमत सांगते. अमेरिकेत हॉस्पिटलमधलं सोशल वर्क जिथून सुरू झालं असं मानतात ती पण ओपीडीच होती, बॉस्टनचं मॅसॅच्युसेट्स जनरल, १९०५. रिचर्ड काबॉट नावाच्या डॉक्टरच्या लक्षात आलं की आपण औषधं लिहून देतोय आणि पेशंट त्याच घरात, त्याच कामावर परत जातोय, मग उपयोग काय, म्हणून त्यांनी गार्नेट पेल्टन नावाच्या नर्सला या कामावर घेतलं. हॉस्पिटल पगार द्यायला तयार नव्हतं, तो काबॉट स्वतः द्यायचे, आणि बाईंना बसायला ओपीडीच्या कॉरिडॉरच्या कोपऱ्यात एक टेबल. पेल्टन आजारी पडल्यावर आयडा कॅनन आल्या आणि त्यांनी पुढची कित्येक वर्षं ते खातं उभं केलं. तेव्हा स्टूल ही आपली जुनी परंपरा आहे असं समज, पण खुर्ची मागणं सोडू नकोस. शिवाय स्टूलवरून वेटिंग दिसतं. कोण आईपासून दोन खुर्च्या सोडून बसलंय, कोण नाव पुकारलं की आधी बापाकडे बघतं, आत डॉक्टरांना यातलं काही दिसत नाही. दिसलं की लिहून काढ. फक्त वेटिंगमध्ये चार माणसांच्या कानावर जाईल असं खासगी बोलणं नको, बाही वर जाताना दिसली की उठायचं आणि एखादी रिकामी खोली शोधायची.

सर घाईत असतात, त्यांना कॉरिडॉरमध्ये पळता पळता प्रश्न विचारलेस तर पळता पळताच उत्तर मिळणार. आठवड्याला एक ठरलेली आयसी (सुपरव्हायझरशी एकटीने बसून बोलायची मीटिंग) माग, वार आणि वेळ ठरवून, आणि जाताना रेकॉर्डिंग, म्हणजे लिहून काढलेली नोंद, घेऊन जा. एका भेटीचं संवाद स्वरूपात, ती काय म्हणाली, मी काय म्हणाले, आणि शेजारच्या रकान्यात मला आत काय झालं. “मी हो म्हणाले” च्या शेजारी तू काय लिहिशील? मला ती आवडली, मला हवंहवंसं वाटलं, मला भीती वाटली, जे असेल ते. ते वाचायला सर अर्धा तास काढतील, बघ. दोन-तीन आठवडे मागूनही वेळ मिळाला नाही तर कॉलेजच्या फील्डवर्कच्या मॅडमना सांग, ही तक्रार नसते, सुपरव्हिजन हा तुझा हक्क आहे आणि त्याहून जास्त त्या मुलांचा.

राहिलं “फक्त तुमच्याशीच बोलणार”. छान वाटतं ना. वाटू दे, पण त्यावर विश्वास ठेवू नकोस. तुझी प्लेसमेंट संपणार, तुझी परीक्षा येणार, आणि तू गेलीस की ज्या एकाच माणसाशी ती बोलत होती तो माणूस गेलेला असणार. सोडून जाणाऱ्या माणसांचा अनुभव या मुलांना आधीच पुष्कळ असतो, त्यात आपली भर नको. तेव्हा तू पूल हो, मुक्काम होऊ नकोस. “मी पण खोलीत बसते, तू डॉक्टरांना सांग, अडलीस तर मी आहे.” पहिल्यांदा तू बोलशील आणि ती मान हलवेल, मग ती बोलेल आणि तू मान हलवशील, मग एक दिवस तू उशिरा पोचशील आणि त्यांचं बोलणं आधीच सुरू झालेलं असेल. त्या दिवशी थोडं वाईट वाटेल, तेही शेजारच्या रकान्यात लिही. (तिने इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवली असेल तर घेऊ नकोस, पण गुपचूप डिलीट पण करू नकोस, तिला समोर सांग की इथल्या कुणालाच मी घेत नाही.)

आणि म्हणूनच ते कार्ड. नाही, चालत नाही. आपण शिकाऊ माणसाशी बोलतोय हे कळणं हा पेशंटचा हक्क आहे, आणि तुझंही बरं आहे त्यात, ट्रेनीला “मला माहीत नाही, विचारून सांगते” म्हणता येतं. परवा जाशील तेव्हा ते सरळ करून घाल, आणि ती आली की बाकीचं बोलून झाल्यावर तुझा शेवटचा दिवस कुठला ते तिला तारखेसकट सांग. ती विचारेल, मग नंतर कोण? उत्तर घेऊनच जा, म्हणजे त्याआधी सरांना हेही विचारायचंय.